हात लावून

“रोझवूड,” धनंजय डोळे न उघडता म्हणाला. गिटारच्या मानेवर डावा हात वर-खाली फिरवून, तारांच्या मधल्या लाकडावर बोटं टेकवून, पुरेसा वेळ घेऊन त्याने निकाल दिला होता. निकाल देताना त्याचा आवाज नेहमी थोडा खाली जायचा, तसाच आताही गेला. मग सृष्टी फिसकन हसली. “बाबा, ओ माय गॉड, दॅट्स द मेपल वन!” धनंजयने डोळे उघडले. मांडीवर पिवळट गोऱ्या पट्टीची गिटार होती आणि तिच्या चकाकीत दुकानाच्या छतावरची ट्यूबलाइट लांबलचक पडली होती. काळपट तपकिरी पट्टीची दुसरी गिटार त्या फिलिपिनो विक्रेत्याच्या, जोएलच्या, हातात होती. म्हणजे आपण डोळे मिटल्यावर याने आपल्या हातात ही दिली आणि आपल्याला ते कळलं नाही. दाराजवळच्या स्टुलावर भाजीची पिशवी सांभाळत बसलेली मंजुषासुद्धा हसली. “झालं समाधान?” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून नुसतं रोझवूड रोझवूड ऐकतेय मी.” धनंजयही हसला. सगळे हसत असताना आपण न हसणं बरं दिसलं नसतं.

खरं तर चुकण्यासारखी ही परीक्षाच नव्हती. दोन्ही गिटारी एकाच कंपनीच्या, एकाच निळ्या रंगाच्या. फरक फक्त बोटांखालच्या पट्टीच्या लाकडाचा. मेपलच्या पट्टीवर व्हार्निशचा जाड थर चढवलेला असतो, त्यावरून बोट ओल्या फरशीवरून पाय सुटावा तसं सुटतं. रोझवूडची पट्टी उघडी असते, तिला बारीक रंध्रं असतात. बोट जरा अडतं, जरा कोरडं लागतं, आणि मग त्या अडण्यातच मजा यायला लागते. हे ओळखायला गिटार वाजवता यावी लागत नाही. स्टीलचं ताट आणि लाकडी पाट यांतला फरक ज्याला हाताने कळतो त्याला हे कळतं. आणि धनंजयचं तर पोटच हातावर होतं. इथे आखातात, देराच्या बाजारातल्या फिरदोसभाईंच्या कापडाच्या कंपनीत तो गेली कितीतरी वर्षं एकच काम करत होता: आलेल्या ताक्याला हात लावायचा आणि सांगायचं. कॉटन किती, पॉलिस्टर किती, धाग्याचा काउंट काय, म्हणजे धागा किती बारीक, गिरणीने लेबलवर लिहिलंय ते खरं की थापा. कंपनीत लॅबचे रिपोर्ट यायचे, पण फिरदोसभाई रिपोर्टचा कागद बाजूला सारायचे आणि ताका धनंजयपुढे ढकलायचे. “पेपर तो पेपर है, धनंजयभाई. आप हाथ लगाके बोलो.” मग धनंजय हात लावायचा. समोरचा व्यापारी ओमानचा असो की सुदानचा, त्या वेळी गप्प बसायचा. धनंजयला स्वतःविषयी जे काही थोडंफार चांगलं वाटत असे ते त्या गप्प क्षणात वाटत असे.

आजची परीक्षाही कुणी लादलेली नव्हती, ती हौस त्याचीच. सृष्टी लहान असल्यापासून तो तिला सांगत आला होता, की डोळे बांधा, अंधारात उभा करा, मी पट्टीवर बोट ठेवून लाकूड सांगेन. मेपल म्हणजे शाळेतला हुशार मुलगा, सगळं स्पष्ट बोलणारा आणि जरा डोक्यात जाणारा. एबनी म्हणजे बड्या घरचा पाहुणा, दिसायला झोकात पण हात लावताना आपणच अवघडतो. आणि रोझवूड म्हणजे आपला माणूस. ही वाक्यं त्याने इतक्या वेळा म्हटली होती की सृष्टी त्याच्या आवाजाची नक्कल करून ती म्हणून दाखवायची. गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर मेपलवाल्यांशी त्याचं जुनं वैर होतं. रोझवूड म्हणजे शिसव, म्हणून तिथे त्याला ‘शिसवशेठ’ म्हणत. गंमत अशी, की या शिसवशेठच्या घरी, शारजात रोल्लाला, भिंतीवर एक स्वस्तातली साधी गिटार टांगलेली होती, एसीच्या गारव्याने आणि गॅलरीतल्या उकाड्याने तिची मान वाकून तिचा धनुष्यबाण झालेला होता, आणि इलेक्ट्रिक गिटार त्याने आजवर घेतलीच नव्हती. दर एक-दोन वर्षांनी तो एखाद्या दुकानात जायचा, भिंतीवरच्या चार-पाच उतरवून घ्यायचा, हात फिरवायचा आणि परत यायचा. व्हिसा दोन-दोन वर्षांचा. कंपनी आज आहे, उद्या नाही. इथल्या घरात जड वस्तू घेताना प्रत्येक जण आधी मनातल्या मनात तिला विमानाच्या वजनकाट्यावर ठेवून बघतो. धनंजयने सोफासुद्धा कायमचं गावी परत जाणाऱ्या एका केरळी कुटुंबाकडून घेतला होता. त्याची पन्नाशी सरली तेव्हा मायलेकींनीच ठरवलं, की आता याला एक गिटार घेऊन टाकू म्हणजे डोकं खाणं थांबेल. मंजुषाने किमतीची चिठ्ठी वाचली होती, “चौदाशे दिरहम, म्हणजे तेहेतीस हजार, बाई गं,” असं सवयीने मोठ्यांदा म्हटलं होतं, आणि तरी ‘घ्या’ म्हणाली होती.

“हॅपन्स, सर,” जोएल म्हणाला. त्याला चांगलं वागायचं होतं. “न्यू स्ट्रिंग्ज. एसी इज टू मच कोल्ड. फिंगर्स गो टू स्लीप.” त्याने रोझवूडची गिटार पुढे केली आणि धनंजयने ती डोळे उघडे ठेवून घेतली. लाकडाचा रंग दिसत होता, उभ्या रेषा दिसत होत्या, दोन फ्रेटांच्या, त्या आडव्या धातूच्या सळ्यांच्या, मधली ती बारीक टोचल्यासारखी रंध्रंही दिसत होती. त्याने मधलं बोट त्यांवरून नेलं. दिसत होतं ते सगळं डोळ्यांतच राहिलं, बोटापर्यंत आलं नाही. बोटाला काहीतरी टेकलंय एवढंच कळलं, तेही दुसऱ्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी इतकं लांबून. त्याने अनामिका लावून पाहिली. मग करंगळी, तिला मात्र थोडंसं काही कळल्यासारखं वाटलं, किंवा त्याला तसं वाटायला हवं होतं. “नाइस, सर?” जोएलने विचारलं. “व्हेरी नाइस,” धनंजय म्हणाला. गिटार सृष्टीच्या हातात देऊन त्याने वॉशरूम कुठे आहे ते विचारलं.

दुकानाच्या मागे, खोक्यांच्या दोन रांगांमधून गेल्यावर एक अरुंद वॉशरूम होती. इमारत जुनी. जुलैचा महिना. इथल्या उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. म्हणून मे लागला की लोक गीझर बंद करून टाकतात आणि मग गरम पाण्याच्या नळाला गीझरच्या टाकीत निवलेलं, त्यातल्या त्यात गार पाणी मिळतं. नव्याने आलेल्याला हे उलटं गणित समजावून द्यावं लागतं. धनंजयच्या ते अंगवळणी पडलेलं होतं. त्याने दार लावलं, निळ्या खुणेचा थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि डावा हात सरळ धारेखाली धरला. मनगटाला चटका बसला. तळव्याला बसला. हात मागे घ्यावा म्हणून खांदा आपोआप आखडला. बोटांची टोकं मात्र मक्ख होती. ती लाल झाली, पण त्यांनी तक्रार केली नाही. नळाखाली आपला हात आणि पुढे दुसऱ्याच कुणाची तरी बोटं लावलेली, असं ते दिसत होतं. धनंजयने नळ बंद केला. त्याला भीती वाटली, सरळ साधी भीती, लहानपणी हात सोडून गर्दीत हरवल्यावर वाटते तशी. शुगर निघाल्यापासून कंपनीच्या विम्यातला डॉक्टर दर खेपेला पायांची चौकशी करायचा. पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटलेली कळते का. धनंजय रोज अंघोळीनंतर इमानेइतबारे पाय तपासायचा. हातांबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला होता.

कारण हे आजच कळलं असं नव्हतं. आज ते चारचौघांत उघडं पडलं एवढंच. आरशासमोर उभं राहून, हाताला टिश्यूपेपर गुंडाळून तो मागे मागे जाऊ लागला, तर गोष्ट ईदच्याही मागे जात होती. ईदच्या आधी दुकानांत माल भरायची घाई असते, त्या घाईत एका दुपारी एक मऊसूत ताका पुढे आला होता आणि त्याला हात लावल्यावर काहीच सुचलं नव्हतं. शब्द आठवत नाही तसं झालं होतं. जिभेवर आहे, येईल आता. समोर व्यापारी बसलेला. तेव्हा धनंजयने काही न ठरवता कापडाचं टोक उचलून ओठांना लावलं होतं. ओठांनी लगेच सांगितलं: व्हिस्कोस. ओठ इमानी निघाले. त्या दिवसापासून तो कापड ओठांना लावायला लागला, कधी गालाला, दाढी केलेली असेल तर. फिरदोसभाईंना ती नवी ऐट वाटली. “हमारे धनंजयभाई कपडे को चूमके बताते हैं,” असं ते गिऱ्हाइकांना सांगू लागले आणि गिऱ्हाइकं कौतुकाने माना डोलवू लागली. मग कानांना काम लावलं. पॉलिस्टर चुरगळलं की सळसळतं, कॉटन गप्प बसतं. मग पँट्रीत जाऊन, चहाच्या निमित्ताने, लायटरवर धागा जाळून वास घेणं सुरू झालं. जाळून तर कुणीही सांगेल, असं ज्याने आयुष्यभर नाक वर करून म्हटलं होतं, तोच धनंजय पँट्रीतला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून जळका धागा नाकाशी धरत होता. आणि हे सगळं करताना त्याने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं की आपण हे का करतोय. एसीने कातडी कोरडी पडते, वय झालं, ताकेच हल्ली वाईट येतात. कानाडोळा करायचा म्हटलं तर माणूस स्वतःच्या बोटांकडेही करू शकतो, आणि त्यात दमून जातो. धनंजय गेले काही महिने भयंकर दमत होता. संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग धरून बसल्यावर त्याला वाटायचं, आपण आज काहीच जड उचललं नाही, मग अंग असं का मोडून आलंय.

त्याला मिरज आठवली. इचलकरंजीत टेक्स्टाइलचा डिप्लोमा करताना तो सोमनाथ पाटलांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. सोमनाथ पाटील मूळचे मंडप-लाउडस्पीकरवाले. गिटार त्यांचीच, लाल रंगाची, कुठल्या तरी बंद पडलेल्या बँडकडून आणलेली. तिची पट्टी तडकली तेव्हा पाटलांनी ती चादरीत गुंडाळून धनंजयच्या काखेत दिली आणि सांगितलं, मिरजेला जा, सतारी करणारे हे पण करतील. तिथल्या एका कारागिराने आधी बराच वेळ नावं ठेवली. हे कसलं वाद्य, याला पोट नाही, भोपळा नाही, नुसतं फळकूट. मग कोपऱ्यात पडलेला शिसवाचा एक तुकडा काढून त्यातून पट्टी तासून दिली. तेल लावून झाल्यावर म्हणाला, फिरव हात. धनंजय तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याने हात फिरवला आणि त्याला काय झालं ते त्याला कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही. घरी वडिलांच्या चार मागांच्या खडखडाटात तो वाढला होता, वापरून गुळगुळीत झालेला धोटा त्याच्या ओळखीचा होता, लाकूड काही नवं नव्हतं. पण त्या पट्टीवर बोटं ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण आत आहोत आणि जग बाहेर आहे, आणि मध्ये ही दहा बोटं आहेत, तेवढ्यावर आपलं भागेल. पुढे इचलकरंजीतून मुंबई, मुंबईतून इथे, सगळीकडे त्याला नोकरी मिळाली ती याच बोटांमुळे. इंग्रजी बेताचं, बोलणं बेताचं, दिसणं त्याहून बेताचं. पण हात लावला की कळतं. मंजुषाच्या वडिलांनी स्थळ म्हणून त्याला पाहायला आल्यावर मुद्दाम आपल्या झब्ब्याची बाही पुढे केली होती आणि त्याने कापड कुठल्या गावचं ते सांगितलं होतं. त्या बाहीवर त्याचं लग्न ठरलं, असं मंजुषा अजून चिडवते. आता ही बोटंच गेली, तर उरतो कोण? ते त्याला खरोखर माहीत नव्हतं. नोकरीचं भय होतंच, सृष्टीची बारावी इथेच व्हायची होती, व्हिसा नोकरीवर टांगलेला होता. पण या घटकेला त्याला त्याहून साधं आणि त्याहून वाईट काहीतरी वाटत होतं. आपल्याला आता कशालाच हात लावता येणार नाही, असं वाटत होतं.

खिशातला फोन थरथरला. थरथर मांडीला कळली, म्हणजे मांडी ठीक होती. फिरदोसभाई. त्यांना सुट्टीचा दिवस असं काही नसे. “धनंजयभाई, फॅमिली के साथ हो? बस दो मिनट. कल सुबह यूनिफॉर्म का सॅम्पल आ रहा है. स्कूलवाला बडा ऑर्डर है. मिल बोलती है कॉटन-पॉलिस्टर साठ-चालीस, मुझे भरोसा नहीं. आप हाथ लगाके बोलोगे तो ही मैं साइन करूँगा. ठीक है ना?” धनंजयला वाटलं, आत्ता सांगावं. इथेच, या संडासात उभं राहून, दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हावं. त्याने तोंड उघडलंही. “इन्शाल्ला, फिरदोसभाई,” तो म्हणाला. “इन्शाल्ला नहीं, पक्का बोलो,” फिरदोसभाई हसून म्हणाले. “पक्का,” धनंजय म्हणाला. फोन बंद झाल्यावर आरशातल्या माणसाची त्याला कीव आली नाही, कंटाळा आला. किती सांभाळायचं याला, किती वेळ उभं धरायचं.

तो बाहेर आला तेव्हा सृष्टी अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडून बसली होती आणि मोबाइलवर बघून शिकलेले तीन-चार कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवत होती. तिची बोटं चुकत होती, तार बुजत होती, मग एकदम एखादा कॉर्ड स्वच्छ लागायचा आणि ती स्वतःवरच खूश होऊन मान हलवायची. “बाबा, धिस वन इज सो मच नायसर. यू वर राइट,” ती रोझवूडच्या पट्टीवरून बोट ओढत म्हणाली. तिला ते कळत होतं. सहज कळत होतं, श्वास घ्यावा तसं. धनंजयला तिचा हेवा वाटला, आणि पोटच्या मुलीचा हेवा वाटला म्हणून लाज वाटली. “सो, सर?” जोएल विचारत होता. “मेपल ऑर रोझवूड? ऑर वी कॅन ट्राय एबनी, लिटल मोर प्राइस.” “रोझवूड,” धनंजय म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? त्याच्याकडे तेवढं एकच उत्तर होतं आणि ते फार वर्षांपूर्वीचं होतं. “पॅक करो. यल्ला.” आनंदाच्या प्रसंगी माणसाने उत्साहात बोलावं म्हणून त्याने ते अरबी यल्ला, ‘चला’, घातलं. जोएल सील न उघडलेला नवा नग आणायला मागच्या गोदामात गेला.

धनंजय मंजुषाशेजारी दुसऱ्या स्टुलावर बसला. मघाची मेपलची गिटार समोरच्या स्टँडवर टेकून ठेवलेली होती आणि तिच्या बाजूला आणखी एक रोझवूडची. मंजुषाने पिशवी पायांशी ठेवली. “बघू तरी, काय एवढं असतं त्यात,” म्हणत तिने हात पुढे केला आणि दोन्ही पट्ट्यांवरून बाजारात भाजी चाचपते तशी बोटं फिरवली. “ही गुळगुळीत आहे,” ती मेपलबद्दल म्हणाली. “गार पण लागतेय. आणि ही आपल्या पोळपाटासारखी. धुऊन वाळवल्यावर लागतो ना, तसा.” तिने हात काढून घेतला. धनंजय म्हणाला, “अजून सांग.” “अजून काय सांगू? लाकूडच ते.” “तरी. कसं लागतंय सांग ना.” मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं, पण पुन्हा हात लावला. “खरखरीत नाही म्हणता येणार. पण अडतं बोट. बारीक बारीक रेघा लागतात, इथे दाट, इथे विरळ. ही इथे जरा खोलगट आहे. उबदार आहे, मघाच्यासारखी गार नाही.” धनंजय मान खाली घालून ऐकत होता. गावाकडून फोन आल्यावर, पाऊस झाला का, रस्ता झाला का, समोरचं घर पाडलं का, हे तो जसा ऐकायचा, तसा. मंजुषाने पट्टीवरचा हात काढला आणि त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं. सृष्टीचा तोच कॉर्ड पुन्हा बुजला.

“डावा हात इकडे द्या,” मंजुषा म्हणाली. “कशाला?” “द्या तर.” तिने त्याचा हात घेऊन आपल्या मांडीवर, ओढणीखाली ठेवला, मनगटाशी धरून. “माझ्याकडे बघू नका. सृष्टीकडे बघा.” लोकांसमोर असा हात धरून बसायची त्यांना सवय नव्हती, त्याला अवघडल्यासारखं झालं. तो सृष्टीकडे बघू लागला. तिचे केस पुढे आले होते, चष्मा घसरला होता, ती आपल्याच नादात होती. “नख टोचतेय मी,” मंजुषा हळू आवाजात म्हणाली. “कळतंय?” धनंजयने वाट पाहिली. बोटांकडून काही येत नव्हतं; पण नख टोचतेय म्हणजे टोचत असणार, तिचं नख त्याला माहीत होतं, लसूण सोलून सोलून धार आलेलं. “कळतंय की,” तो म्हणाला. “कुठल्या बोटाला?” तो क्षणभरच थांबला. व्यापाऱ्यासमोर थांबायचा तेवढाच. “मधल्या.” मनगटावरची पकड घट्ट झाली म्हणून त्याने वळून पाहिलं. तिने एका हाताने त्याचं मनगट धरलं होतं. दुसरा हात तिच्या गुडघ्यावर होता, त्याच्या बोटांपासून वीतभर लांब.

“अहो, मी अजून हात लावलाच नाही,” ती म्हणाली.

त्याला वाटलं होतं की असं कधी उघडं पडलं तर आपण चिडू, काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ. तसं काही झालं नाही. कान गरम झाले, मग तेही निवले. खांद्यावरून कुणीतरी न विचारता पोतं उतरवून घ्यावं तसं त्याला वाटलं आणि तो स्टुलावर जरा खाली घसरून बसला. “कधीपासून?” मंजुषाने विचारलं. तिचा आवाज रागीट होता, पण मनगटावरची पकड तिने सोडली नव्हती. “ईदच्या आधीपासून. नक्की नाही सांगता येत.” “आणि ऑफिसात?” “ओठांना लावून सांगतो.” मंजुषा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. एवढ्यात जोएल भलंमोठं खोकं मिठीत घेऊन बाहेर आला. “ब्रँड न्यू, मॅम! कार्ड ऑर कॅश?” “पाच मिनिट, भैया,” मंजुषा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून जोएल खोक्यासकट उभा राहिला. सृष्टीने वाजवणं थांबवलं. “आई? व्हॉट हॅपन्ड?” “काही नाही. तू वाजव.” मग धनंजयकडे वळून ती म्हणाली, “उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं.” “उद्या सकाळी फिरदोसभाईंचं सॅम्पल आहे. मी पक्कं—” “उद्या डॉक्टर. फिरदोसभाईंना मी फोन करते, नाहीतर तुम्ही करा. पण आत्ता करा.” धनंजयने मान हलवली. हो म्हणायला अवघड गेलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

मंजुषाने त्याचा डावा हात आता उघडपणे दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट टोकापासून मुळापर्यंत दाबत गेली. कुठपर्यंत नाही आणि कुठून आहे, ते ती विचारत होती आणि तो खरं सांगत होता. इथे नाही. इथे नाही. इथे थोडं. इथे आहे. सगळी बोटं झाल्यावर तिने सुस्कारा सोडला. मग तिची नजर दुसऱ्या बाजूला गेली, जिथे त्याने मघापासून उजवी मूठ मांडीखाली दाबून ठेवली होती.

“आणि तो?” तिने विचारलं.

धनंजयने उजवा हात मांडीखालून काढला, मूठ उघडली आणि तोही तिच्या ओंजळीत ठेवला.